गाडीचा मोतीबिंदू



दिवाळीनंतरचा लेख फराळ उरला तर काय करायचं यावर लिहीन, असं मी सांगितलं होतं. तो पुढच्या वेळी नक्की. आज गाडीच्या पुढच्या दिव्यांबद्दल लिहायचं आहे. हसू नका. चातुर्मास संपतोय, आता पुन्हा विहार सुरू होतील, म्हणून हे आत्ताच लिहिलं पाहिजे असं वाटलं.

आमच्याकडे २०१० सालची पांढरी छोटी गाडी आहे. मुलगा तिसरीत होता तेव्हा घेतलेली. आता तो नोकरीला लागला, गाडी तीच. कुणी म्हणतं बदला, पण चालतेय, आणि आम्हा दोघांना त्याहून मोठी लागतही नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उंच गाडीत चढता येत नाही हेही एक कारण.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी आमचे हे रात्री गाडी चालवायला कुरकुर करू लागले. आधी म्हणाले, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत जातात. मग म्हणाले, रस्ता नीट दिसत नाही. पुढे पुढे संध्याकाळच्या आमंत्रणांना रिक्षानं जाऊया म्हणू लागले. वय सत्तावन्न. आमच्या घराण्यात मोतीबिंदू लवकर होतो, त्यामुळे मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, सगळं तपासलं. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, चालवायला काहीच हरकत नाही. ह्यांना ते पटलं नाही. आम्हालाही नाही. डॉक्टर काय, वर वर बघतात, असं मीच म्हणाले होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात वसईहून एका कार्यक्रमातून परतताना ह्यांनी दोनदा गाडी बाजूला घेऊन काच पुसली. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी मागच्या सीटवरून म्हणाले, "अहो, तुम्ही आता बाजूला बसा, मी चालवते. तुम्हाला नाही दिसत आता." गाडीत माझे दीर-जाऊ होते, मुलगा होता. हे काही न बोलता उतरले, किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून अंधार पडला की किल्ली आपोआप माझ्याकडे येई. मला वाटायचं, किती समजूतदारपणे घेतलं.

मलाही रात्री कमीच दिसायचं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण मी गाडी उशिरा शिकले. मला वाटायचं रात्री एवढंच दिसतं.

आता या जानेवारीतली गोष्ट. पालघरला वन्संच्या नातीचं बारसं होतं. सासूबाईंना सकाळच्या कार्यक्रमाला पोहोचायचंच होतं, म्हणून आम्ही मिरारोडहून साडेपाचला निघालो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे चांगला काळोख. घोडबंदरवरून खाडीचा पूल ओलांडला, हायवेला लागलो. सासूबाई मागे जपमाळ घेऊन बसल्या होत्या. हे शेजारी. "हळू घे" एवढंच अधूनमधून म्हणत होते. मी साठच्या आत होते. डावीकडच्या लेनमध्ये, कारण उजवीकडून ट्रक धडाधड जात होते.

विरार फाटा मागे पडला. शिरसाडच्या अलीकडे मला समोर काहीतरी फिकट दिसलं. रस्त्याकडेला सिमेंटची रिकामी गोणी पडते ना, तसं. मी थोडी उजवीकडे घ्यावी असा विचार करतेय, तोवर ती गोणी हलली. आणि ह्यांनी ओरडून माझा हात धरला.

ब्रेक लावला. गाडी थांबली तेव्हा समोर दोन साध्वीजी, एक व्हीलचेअर, तिच्यात एक वयस्क महाराजसाहेब आणि खुर्ची ढकलणारी बाई. सगळ्यात मागे एक मुलगा, अंगात ते चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. आमच्या बॉनेटपासून तो मुलगा किती लांब होता? आपल्या हॉलची लांबी असते तेवढा.

आपण दिगंबर, त्या श्वेतांबर साध्वीजी, पण अशा वेळी कोण कुठल्या आम्नायाचं हे कुणाच्या मनात येतं. आम्ही दोघं खाली उतरलो, हात जोडले. माझे पाय लटपटत होते. त्या मात्र शांत. एकींनी हात वर करून धर्मलाभ दिला आणि पुढे चालू लागल्या. मागचा मुलगा विहारसेवेत जाणारा, विशीतला असेल. तो माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, "काकी, मी मागे वळून वळून बघत होतो. तुमची गाडी मला मोटारसायकल वाटली. उजवा दिवा तर दिसतच नव्हता. दिवे बघून घ्या."

त्याच्या अंगावर एवढं चमकणारं जॅकेट असताना मला ते दिसलं कसं नाही, याचं उत्तर मला नंतर मुलानं दिलं. त्या पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. आपल्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो, तोच ती आपल्याकडे परत पाठवते. आपणच मिणमिणता पाठवला तर परत काय येणार?

सूर्योदयानंतरच विहार करावा असं शास्त्र सांगतं. पुढची चार हात जमीन डोळ्यांनी पाहत पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. पण आताचं अंतर, ऊन, तापलेलं काँक्रीट आणि दिवसाची वाहनं बघता काही संघ लवकर निघतात. त्यावर मी बोलणारी कोण? विहारात अपघात झाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकतो, ट्रकवाल्यांना नावं ठेवतो. त्या सकाळी ट्रकवाला नव्हता. मी होते.

पालघरला पोहोचलो, उजाडलं होतं. बारशाच्या मांडवात जायच्या आधी आम्ही दोघं गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिलो. मैत्रिणींनो, ते दिवे मी रोज बघत होते. रविवारी फडक्यानं पुसतही होते. तरी त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. डावा पिवळट, जुन्या प्लास्टिकच्या बरणीसारखा. उजव्यावर तर साय धरल्यासारखा थर, आतला बल्बही दिसेना. ह्यांनी त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझेच डोळे गेले."

मी काही बोलू शकले नाही. बारशात पाळण्याची दोरी हातात होती आणि माझ्या डोक्यात वसईहून येतानाचं तेच वाक्य.

घरी आल्यावर गॅरेजवाल्याकडे गेलो. तो आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली तर खो खो हसला. "काकी, साहेबांना नाही, गाडीला मोतीबिंदू झालाय." त्यानं चांगला सल्ला दिला तो एवढाच. दुसरा दिला तो असा, की शंभर वॉटचे बल्ब टाका, रस्ता पांढरा करून टाकतील. मुलानं ते करू दिलं नाही. आपल्या गाडीत साधारण साठ-पंचावन्न वॉटचा हॅलोजन बल्ब असतो, वायर आणि होल्डर तेवढ्यालाच बनवलेले. जास्त वॉटनं ते तापतात, वितळूही शकतात. शिवाय काच धुरकट असली तर वाढवलेला उजेड रस्त्यावर जातच नाही, चहूकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणजे आपल्याला दिसेना ते दिसेनाच, वर दुसऱ्यालाही आंधळं करायचं.

मी काच म्हणते खरी, पण ती काच नाहीच. जयसिंगपूरला माझ्या काकांची पद्मिनी होती, तिचे गोल दिवे खऱ्या काचेचे. त्यांच्यावर रेघा असायच्या, दगड लागला तर तडकायचे, पण पिवळे कधी पडले नाहीत. आताच्या दिव्यांचं आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं. तुमच्या घरी प्रवचनाच्या जुन्या सीड्या पडल्या असतील, त्या याच्याच. पाण्याचे मोठे वीस लिटरचे निळसर जारही बहुतेक याचेच असायचे. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडलं. हलकं, हवा तसा आकार घेणारं, दगड लागला तरी न फुटणारं. अमेरिकेत १९८३ मध्ये दिव्यांना याची परवानगी मिळाली, आणि हळूहळू जगभर सगळ्या गाड्यांवर हेच आलं.

त्याची दोन दुखणी आहेत. ते मऊ असतं, म्हणून चरे पडतात. आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, त्यानं ते पिवळं पडतं, पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक पारदर्शक लेप देतात. तो लेप आहे तोवर सगळं छान. धूळ, खडे, रोजचं कोरड्या फडक्यानं पुसणं (ते माझं काम!), ऊन, पाऊस यांनी लेप झिजतो, पापुद्रे निघतात. एकदा लेप गेला की प्लास्टिक उघडं पडतं.

आमच्या गाडीचं बघा. सोसायटीत तिची जागा उघड्यावर. डाव्या बाजूला जिन्याची भिंत, तिची सावली. उजवी बाजू दुपारपासून मावळेपर्यंत उन्हात. म्हणून उजवा दिवा जास्त गेला. त्यात आपलं गाव. एका अंगाला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मिठागरं, आणि मधे मेट्रोचं काम नि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याची धूळ. सकाळी गाडीवर बोट फिरवलं तर पीठ चाळल्यासारखं निघतं. ती धूळ कोरडीच पुसली म्हणजे रोज घासणीनं घासल्यासारखंच.

अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या एएए या संस्थेनं २०१८ मध्ये असे जुने धुरकट दिवे तपासले होते. नव्या दिव्याच्या मानानं जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. मुलानं हे वाचून दाखवलं तेव्हा हे जेवत होते. घास हातातच राहिला. मग त्यानं कागदावर गणित मांडून दाखवलं. ताशी साठ किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी पंचवीस मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस. म्हणजे पंचेचाळीस मीटर आधी दिसलं पाहिजे. ऐंशीनं जात असाल तर सत्तरच्या आसपास. खालचा दिवा चांगला असला तरच तेवढं कसंबसं दिसतं. मी त्या दिवशी थोडी कमी वेगात होते आणि ह्यांना माझ्याआधी दिसलं, म्हणून आज हा लेख लिहितेय. ह्यांना माझ्याआधी दिसलं. हे वाक्य मी त्यांच्यासमोर दोनदा म्हणाले.

आता काय केलं ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या गाड्या अशाच असणार.

पहिली चूक टूथपेस्टची. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी अर्धी ट्यूब संपवली. सासूबाई गॅलरीतून विचारत होत्या, "गाडीचे दात घासतेस का गं?" उजळले थोडे, खोटं नाही. पेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते, ती वरचा मळकट थर काढते. पण दोन-तीन आठवड्यांत होतं तसं. रॉकेलनं किंवा थिनरनं पुसायचंही कुणी सांगेल, ते मात्र अजिबात करू नका. काही रसायनांनी या प्लास्टिकला आतून बारीक तडे जातात आणि मग ते कामातून जातं.

दुसरी चूक घाईची. मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं होत होती, नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं. नमुना २५ भरायचा, गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा. तपासणीत दिवेही बघतात. म्हणून एका दुकानात आठशे रुपये देऊन दोन्ही दिवे मशीननं घासून घेतले. अर्ध्या तासात आरशासारखे! आम्ही खूश, तपासणी झाली, पाच वर्षांची नोंदणी मिळाली. मे महिना संपेपर्यंत दिवे पुन्हा पिवळे, आणि आता पहिल्यापेक्षा लवकर. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्यांनी सांगितलं तेवढं केलं. पण उरलासुरला लेप घासून काढला आणि वर नवीन लेप दिलाच नाही. उघडं प्लास्टिक मे महिन्याच्या उन्हात सोडलं. मलाही विचारायचं सुचलं नाही. चमकलं की झालं, असं आपलं असतं.

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही घरीच केलं. मी आणि हे, दोघांनी, पावसाच्या तोंडावर, एका ढगाळ रविवारी.

आधी एक परीक्षा करायची. दिवा पाण्यानं ओला करायचा आणि बघायचं. ओला असताना तो स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे, घासून जाईल. ओला करूनही धुरकटच राहिला, तर दोष आत आहे. आमचा डावा ओला होताच लख्ख दिसला. उजव्यात मात्र खालच्या कोपऱ्यात ढग तसाच. बारीक चीर गेली होती, त्यातून दमट हवा आत जाऊन आतून डाग पडला होता. तो बाहेरून कितीही घासा, जाणार नाही. म्हणजे डावा दुरुस्त करायचा, उजवा बदलायचा. सासूबाई म्हणाल्या, दोन्ही बदला की. पण जो बरा होतोय तो का टाकायचा? मला ते पटेना.

डाव्यासाठी रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर आणले. डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तेच. हजार, दीड हजार, दोन हजार आणि तीन हजार नंबरचे, एकेक. नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक. मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, आणि शेवटी द्यायचा अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. वरून लावायच्या वॅक्सचा डबा मी उलटसुलट करून वाचला. गाडीच्या काही पॉलिशमध्ये मधमाश्यांचं मेण असतं, हे मला माहीत होतं. कार्नौबा लिहिलं असेल तर ते झाडाच्या पानांवरचं, पण दोन्ही मिसळलेलंही मिळतं. डब्यावर नीट लिहिलेलं नव्हतं, म्हणून घेतलंच नाही. क्लिअर कोट असला तर वॅक्सवाचून अडत नाही.

दिवा साबणानं धुतला, भोवतीच्या पत्र्याला टेपचे दोन थर लावले. नाहीतर रंग खरवडतो. बादलीत पाणी घेतलं, ते सवयीनं गाळूनच. जुन्या सुती साडीचं गाळणं होतं. मुलगा हसला, "आई, दिव्यालासुद्धा गाळलेलं पाणी?" पण गाळल्यावर फडक्यात वाळूचे चार कण दिसले. तेच कागदाखाली आले असते तर मोठे चरे पडले असते. मग तो गप्प.

हजारचा कागद पाण्यात भिजवायचा आणि आडवा घासायचा, दिवा सतत ओला ठेवून. पहिल्यांदा पिवळं, दुधट पाणी निघतं. ते येतंय म्हणजे जुना थर निघतोय. पाणी नुसतं पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. मग दीड हजारचा, आता उभा. आधीचे आडवे चरे पूर्ण गेले की दोन हजारचा पुन्हा आडवा. असं दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे राहिलेत का ते कळतं. यात एक जागा अशी येते की दिवा सुरुवातीपेक्षाही वाईट दिसतो. एकदम पांढरा, दुधी काचेसारखा. मी घाबरले, बिघडवलं म्हटलं. ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि न बोलता घासत राहिले. तीन हजार संपल्यावर कंपाउंड लावून सुती कापडानं गोल गोल चोळलं, आणि आतून बल्ब दिसू लागला. मग आतला चकचकीत वाटीसारखा भाग. मोतीबिंदूची पट्टी काढल्यावर आमच्या सासऱ्यांनी समोरची भिंत बघितली होती, त्यांचा चेहरा मला आठवला.

सगळ्यात महत्त्वाचं यानंतर. स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि सावलीत, धूळ नसताना, क्लिअर कोटचा पातळ थर एका दिशेनं द्यायचा. पुन्हा पुन्हा हात फिरवायचा नाही. डब्यावरच्या सूचना वाचा, काही स्प्रे श्वासात जाणं चांगलं नसतं, मोकळ्या हवेत आणि मास्क लावूनच मारा. आम्ही पुसून लावायचा घेतला होता. चोवीस तास पाणी लागू दिलं नाही, त्या रात्री पाऊस आलाच, तर ह्यांनी छत्री उघडून बॉनेटला बांधली. खाली वॉचमन बघत होता.

उजव्या बाजूला कंपनीचा नवा दिवा घेतला. बाजारात अर्ध्या किमतीत दुसरेही मिळतात. एएएच्या त्याच तपासणीत तसल्या दिव्यांचा उजेड ८३ ते ९० टक्क्यांपर्यंत भरला, पण दिव्यांच्या नियमांतल्या दुसऱ्या काही अटींत ते कमी पडले असंही त्यात होतं. घरी घासून दुरुस्त केलेला दिवा साधारण ७० टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे आमचा डावा नव्यासारखा झालेला नाही, हे खरं आहे. भिंतीवर दोन्ही उजेड पडले की डावा थोडा मंद दिसतो. पण विसावरून सत्तरावर आला, आणि खर्च सगळा मिळून सहाशेच्या आत.

दिवा बदलला की त्याचा रोख बघावाच लागतो. नाहीतर उजेड आकाशात किंवा समोरच्याच्या डोळ्यांत. गाडी सपाट जागी सोसायटीच्या भिंतीसमोर उभी केली, खालचा दिवा लावला, भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूनं रेघ मारली. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या किंचित खाली हवी. नव्या दिव्याची बरीच वर गेली होती. गॅरेजवाल्यानं मागचा स्क्रू फिरवून ती खाली आणली. ती खडूची रेघ अजून भिंतीवर आहे, आता सोसायटीतले दोघे-तिघे तिथं गाडी लावून आपापले दिवे बघून गेले.

पुसायची पद्धतही बदलली. आधी पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओल्या मऊ कापडानं. आणि गाडी लावायची ती आता तोंड भिंतीकडे करून. कोट वर्षभरानं पुन्हा द्यावा लागेल. मी कॅलेंडरवर पुढच्या वर्षीचा जून लिहून ठेवलाय, श्रुतपंचमीच्या बाजूला.

आता दिवाळीची पहाट. निर्वाण लाडूसाठी आम्ही बोरिवलीला पोदनपूरच्या तीनमूर्तींना जायचं ठरवलं होतं. पहाटे काळोखात निघायचं. लाडवाचं ताट घेऊन मी खाली उतरले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेले. मग थांबले. पर्समधून किल्ली काढून ह्यांच्या पुढे धरली.

"रस्ता तुम्ही बघा, माझ्या हातात ताट आहे," म्हणाले.

त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासूबाई मागे बसून म्हणाल्या, "अरे चल की, उशीर होतोय."

मेट्रोच्या खांबांमधून हायवेला लागलो. चष्मा तोच, डोळे तेच. दहिसरच्या अलीकडे ह्यांनी वेग कमी केला. मला काही दिसलं नव्हतं, मी लाडू सांभाळत होते. बरंच पुढे, रस्त्याच्या कडेला, झाडूवाली बाई वाकून पानं गोळा करत होती. हे तिच्यापासून लांबून, सावकाश पुढे गेले.